सग्डनांच्या घरची कोरी बैठक

हॅथरशॉ गावात मेलेल्या माणसांना जिवंतांपेक्षा जास्त मान होता, आणि त्यात गैर काही नव्हतं. मेलेली माणसं विचारल्याशिवाय बोलत नसत, बोलली तरी 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलत, आणि लोकांची घरी जायची वेळ झाली की आपणहून निघून जात. यॉर्कशरच्या त्या सगळ्या खोऱ्यात, लोकरीच्या गिरण्यांच्या धुरात, एवढी शिस्त दुसऱ्या कोणाला नव्हती.

ही मेलेली माणसं दर रविवारी संध्याकाळी सेलिना सग्डनच्या बैठकीच्या खोलीत येत. सेलिना माध्यम होती. टेबलाभोवती सात-आठ जण हातावर हात ठेवून बसायचे, एखादं भजन म्हणायचे, सेलिना डोळे मिटायची, आणि मग टेबलाखालून आवाज यायचा: टक. एकदा वाजलं की हो, दोनदा वाजलं की नाही. याबद्दल ती कोणाकडून एक पेनी घेत नसे. उलट चहा स्वतःच्या घरचा पाजायची.

या आवाजाबद्दल गावात तीन मतं होती. परलोकवादी मंडळाचं मत, ते आत्मे आहेत. चर्चच्या पाद्रीबुवांचं मत, तो सैतान आहे. आणि गिरणीतल्या टवाळ पोरांचं मत, तो सेलिनाचा गुडघा आहे. तिन्ही मतांचे लोक आपापल्या मतासाठी भांडायला तयार असत, आणि तिन्ही मतं चुकीची होती. तो आवाज सेलिनाच्या नवऱ्याच्या, म्हणजे ईनॉक सग्डनच्या, उजव्या पायाच्या अंगठ्याचा होता.

देव कोणाला गळा देतो, कोणाला बुद्धी देतो. ईनॉकला त्यानं अंगठा दिला होता. अंगठ्याचा सांधा आतल्या आत सरकवला की सुकी काटकी मोडावी तसा आवाज व्हायचा, आणि पाय टेबलाच्या खुराला टेकलेला असला तर तो आवाज थेट टेबलातून आल्यासारखा वाटायचा. शाळेत असताना या विद्येवर त्यानं मास्तरांना दोन वर्षं उंदीर शोधायला लावलं होतं. पुढे तो लाकडी तळव्यांचे बूट करायच्या धंद्यात पडला, लग्न झालं, आणि अंगठ्याला काम उरलं नाही.

मग त्यांचा नेड गेला. चार वर्षांचा होता; घशाच्या तापानं चार दिवसांत गेला. त्या हिवाळ्यात टेबलाभोवती बसून मेलेल्यांना बोलावण्याची टूम खोऱ्यात नुकतीच आली होती. सेलिना दिवेलागणीला टेबलाशी एकटी बसायची आणि टेबल गप्प बसायचं. ईनॉक समोर बसून बघायचा. एके दिवशी तिनं विचारलं, "नेड, तुला थंडी वाजत नाही ना रे तिथं?"

आता या प्रश्नाला गप्प बसणं टेबलाला जमलं असेल, बापाला जमलं नाही. अंगठा दोनदा वाजला. नाही, वाजत नाही. सेलिनानं टेबलावर डोकं टेकलं आणि नेड गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपली.

एकदा असं 'नाही' म्हटल्यावर, 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय कायमची गेली. शेजारीण आली, तिच्या मागोमाग तिची जाऊ आली. मग विहिणी, विधवा, पोरं गमावलेल्या आया. मेलेल्यांना बरीच माहिती असावी लागते, ती ईनॉकला दुकानात मिळायची. बुटाचं माप देताना माणूस पाय जसा मोकळा करतो तसं तोंडही करतो. वर्षं गेली तसा अंगठा मात्र म्हातारा झाला. थंडीत नीट वाजेना. मंडळाचे लोक म्हणत, आत्म्यांना हिवाळा सोसत नाही. पाऊस यायचा असला की न विचारता वाजे. लोक म्हणत, आज मंडळी उत्साहात आहेत. सेलिनाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी, सगळे उठायच्या आधी, ती तोच प्रश्न विचारायची, "नेड, बरा आहेस ना?" टक. बरा आहे.

हे असंच चाललं असतं. पण मिस्टर टॉपलींनी गाणं काढलं.

जोनास टॉपली हे शेजारच्या मोठ्या गावातल्या 'पीकॉक' या गाण्याबजावण्याच्या थिएटरचे मालक. चेहरा कायम नुकतंच जेवून उठल्यासारखा, कोटाला मोरपंखी अस्तर. त्यांच्याकडचा एक जाड्या नट बाईचं झंपर घालून, टेबलाशी बसून गायचा:

*दिवे मालवा, हात धरा, म्हातारा आला घरी,*
*मेला तेव्हापास्नं त्याची भूक वाढली भारी!*
*एक ठोका, पाव आणा; दोन ठोके, लोणी;*
*तीन ठोके, बिअर ओता, बघत नाही कोणी!*

महिन्याभरात सगळं खोरं हे गात होतं. मागवाल्यांच्या मागावर तेच, दुधवाल्याच्या तोंडी तेच. सेलिना रस्त्यानं निघाली की पोरं दारं ठोठावून पळायची. एका दफनविधीत, असं सांगतात, शवपेटी खाली सोडताना खड्ड्याच्या कडेला तीनदा आपटली आणि मयताचा सख्खा भाऊ फिस्सकन हसला.

परलोकवादी मंडळाचे अध्यक्ष मिस्टर ग्रीनवुड यांना हे सहन होईना. ग्रीनवुड लोकरीचे मोठे व्यापारी, आवाज चॅपेलच्या ऑर्गनसारखा. मंडळात सगळे एकमेकांना बंधू-भगिनी म्हणत. ग्रीनवुड ते असं म्हणत की ऐकणाऱ्याला आपण धाकटे आहोत याची आठवण व्हावी.

"भगिनी सेलिना," ते एक दिवस दारातूनच गरजले, "बंधू ईनॉक! मी विज्ञानाला बोलावलंय!"

"कुणाला?" ईनॉकनं विचारलं.

"विज्ञानाला! प्रोफेसर हॅलिवेल. कॉलेजात वीज शिकवतात. येत्या शनिवारी दुपारी ते इथं, या खोलीत, उपकरणांनिशी परीक्षा घेतील. एकदा विज्ञानानं शिक्का मारला की त्या टॉपलीचं तोंड बंद!"

टॉपलींचं तोंड बंद होण्यातलं नव्हतं. त्यांना बातमी लागली आणि तेही येऊन गेले. येताना गाण्यातल्या चालीवरच दार ठोठावलं.

"राग नाही ना धरलात, बाईसाहेब? अहो, धंदा आहे. आता ऐका. तुम्ही पास झालात, तर 'विज्ञानानं सिद्ध केलेली बाई' म्हणून तुम्हाला पीकॉकच्या रंगमंचावर आणतो. नापास झालात, तर 'विज्ञानानं पकडलेली बाई' म्हणून आणतो. दोन्हीकडून थिएटर फुल्ल!"

"आणि मी आलेच नाही तर?" सेलिनानं विचारलं.

"मग जाड्या आहेच की," टॉपली म्हणाले. "तोही तुमचं काम बरं करतो."

ते गेल्यावर ईनॉक म्हणाला, "सेलिना, नको आपल्याला ही परीक्षा. सांग त्या ग्रीनवुडला, डोकं दुखतंय म्हणून."

"शनिवारी दुखणारं डोकं आज कसं सांगू?"

"तारा बांधणार आहेत म्हणे तुला. वीज सोडतील."

"सोडू दे." ती पार्किनचा केक कापत होती, ओटच्या पिठाचा, आल्याचा, आठवडाभर डब्यात ठेवून मऊ झालेला. "लोक हसतात रे, ईनॉक. माझं जाऊ दे, पण ज्या बायका येऊन रडून जातात ना आपल्याकडे, त्यांनाही हसतात. तपासू दे की. मला कशाची भीती? मी काही करतच नाही."

 ती काही करत नाही, हे ईनॉकइतकं खात्रीनं गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याला स्वतःची अब्रू जाण्याची भीती नव्हती असं नाही; पण अब्रू ही बुटासारखी, तळवा झिजला तर दुसरा ठोकता येतो. भीती वेगळीच होती. अंगठा पकडला गेला, तर सेलिनाला कळणार की इतकी वर्षं ती नवऱ्याच्या पायाशी बोलत होती. अंगठा वाजलाच नाही, तर ती 'नेड, बरा आहेस ना?' म्हणणार आणि उत्तर येणार नाही. दोन्हीकडून नेड दुसऱ्यांदा जाणार. आणि या वेळी त्याच्या बरोबर सेलिनाही जाईल की काय, असं त्याला वाटत होतं. पहिल्या खेपेस ती जेमतेम मागे राहिली होती.

शनिवारी गिरण्या अर्ध्या दिवसानं सुटल्या आणि प्रोफेसर हॅलिवेल छकड्यातून उपकरणं घेऊन आले. बारीक, उंच, दाढीत शाईचा डाग, आणि वागण्यात एक प्रकारची अपराधी घाई. त्यांचंही बरं चाललं नव्हतं. त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की भूत आहे का हे तपासणं म्हणजे ते असू शकेल असं मानणं, आणि ते असू शकेल असं मानणाऱ्याच्या हाती विद्यार्थी सोपवता येत नाहीत. प्रोफेसरांचं म्हणणं, न तपासता नाही म्हणणं हेही विज्ञान नव्हे. दोन्ही बाजू बरोबर होत्या, म्हणून त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

त्यांनी दोन साक्षीदार आणले होते. एक गावातले डॉक्टर. हे कशावरच विश्वास ठेवत नसत, स्वतःच्या औषधांवर तर नाहीच. दुसरे मिस्टर पीझ, क्वेकर पंथाचे गिरणीमालक. हे कधी खोटं बोलत नसत, कारण मुळात फारसं बोलतच नसत. टॉपलींना खोलीत घ्यायला ग्रीनवुडांनी साफ नकार दिला, तेव्हा ते स्वयंपाकघरात पार्किनच्या डब्याशेजारी जाऊन बसले.

"मी बाहेर थांबतो," ईनॉक घाईनं म्हणाला. आपण खोलीत नसलो तर निदान अंगठा तरी पकडला जाणार नाही.

"छे, छे!" ग्रीनवुड म्हणाले. "भगिनीच्या शेजारी पती हवाच. त्याशिवाय सूर जमत नाहीत."

"असू द्या," प्रोफेसर म्हणाले. "परीक्षेच्या अटी सगळ्यांना सारख्याच. कृपा करून सर्वांनी बूट काढा."

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"टकटक पायाच्या सांध्यांतून काढता येते, असं अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी दाखवलं आहे. सांधा वाजला तरी आवाज पोचायला खाली कठीण वस्तू लागते. म्हणून प्रत्येकाचे पाय उशीवर राहतील."

ईनॉकनं उजवा पाय खुर्चीखाली ओढून घेतला. विज्ञान आपल्या अंगठ्यापर्यंत अमेरिकेहून चालत आलं असेल, अशी त्याला कल्पना नव्हती.

एवढ्या उशा एका घरात कुठल्या? सगळ्या गल्लीतून उशा आल्या. बदकाच्या पिसांच्या, कोंबडीच्या पिसांच्या, एक तर नुसत्या लोकरीच्या कचऱ्याची. मग खोऱ्यातली ती सगळी प्रतिष्ठा टेबलाभोवती बसली आणि तिनं बूट काढले. ग्रीनवुडांच्या दोन्ही मोज्यांना टाचेशी भोकं होती. डॉक्टरांचे मोजे एक काळा, एक करडा. प्रोफेसरांनी आपलेही पाय उशीवर ठेवले, आणि त्यांच्या मोज्यावर कोणीतरी प्रेमानं विणलेलं एक बारीक फूल दिसलं, ते त्यांनी दुसऱ्या पायानं झाकलं. सेलिनाच्या मनगटांना मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी बांधली, त्यांना तारा, आणि तारांच्या टोकाला काचेच्या पेटीत एक काटा. तिनं हात जरा जरी सोडवला तर काटा उडी मारणार. पडदे किती ओढायचे यावर विज्ञान आणि परलोक यांची वादावादी झाली आणि ते निम्मे ओढले गेले.

"आता भजन," ग्रीनवुड म्हणाले. "त्याशिवाय आत्मे येत नाहीत."

आणि इथं पंचाईत झाली.

ग्रीनवुडांनी एक भजन सुरू केलं. डॉक्टरांनाही ते येत होतं, पण डॉक्टर सरकारी चर्चचे आणि ग्रीनवुड त्यातून फुटून निघालेल्या पंथाच्या चॅपेलचे; शब्द तेच, चाल वेगळी. पहिल्या ओळीच्या मध्यावर दोघं एकमेकांकडे बघत थांबले.

"ही चाल चुकीची आहे," ग्रीनवुड म्हणाले.

"माझ्या आजोबांच्या वेळेपासून चर्चमध्ये हीच आहे."

"मग तुमच्या आजोबांचंही चुकलं. आत्ता येतील तेव्हा विचारा त्यांना."

"मिस्टर पीझ, तुम्ही सांगा."

"आम्ही गात नाही," मिस्टर पीझ म्हणाले. ते त्यांचं त्या दुपारचं पहिलं वाक्य.

"प्रोफेसर?"

"मी... म्हणजे, लहानपणी काही... पण हल्ली तत्त्वतः नाही."

"अहो, पण सगळ्यांनी मिळून म्हटलं पाहिजे!" ग्रीनवुड कळवळून म्हणाले. "तिकडच्यांना सुरांची शिडी लागते. कुठलंही गाणं चालेल, पण सगळ्यांना येणारं पाहिजे!"

 सगळ्यांना येणारं गाणं खोऱ्यात त्या वर्षी एकच होतं, आणि ते प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळे आपापल्या मोज्यांकडे बघू लागले. स्वयंपाकघरातून टॉपली पार्किन चावता चावता नेमकं तेच गुणगुणत होते.

शेवटी प्रोफेसर घसा खाकरून म्हणाले, "शास्त्रीय दृष्ट्या... शब्दांना महत्त्व नसावं."

आणि त्यांनीच बारीक, थरथरत्या आवाजात सुरुवात केली, "दिवे मालवा, हात धरा..." डॉक्टरांनी खालचा सूर धरला. ग्रीनवुडांनी दोन ओळी ओठ घट्ट मिटून काढल्या, पण "एक ठोका, पाव आणा" येताच त्यांच्यातला चॅपेलचा गायक त्यांच्या हाती राहिना. त्यांचा तो ऑर्गन सुटला आणि खिडकीच्या काचा थरारल्या. मिस्टर पीझ गात नव्हते, पण त्यांची एक करंगळी टेबलावर ठेका धरत होती. तीन प्रतिष्ठित माणसं, मोज्यातले पाय उशांवर ठेवून, मृत्यूनंतरच्या जीवनाचा शोध घेण्यासाठी "बिअर ओता, बघत नाही कोणी!" म्हणत होती.

ईनॉकनं भीत भीत सेलिनाकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, नेहमीसारखे. पण खांदे हलत होते. त्याला वाटलं, रडते आहे. मग त्याला तिचं तोंड दिसलं. सेलिना हसत होती. ओठ दाबून, नाकपुड्या फुगवून, चॅपेलमध्ये शाळकरी पोरगी हसावी तशी. तिला असं हसताना पाहून किती काळ लोटला होता, त्याला आठवेना.

गाणं संपलं. सगळे वाट पाहू लागले.

सेलिनानं स्वतःला सावरलं आणि शांत आवाजात विचारलं, "कोणी आहे का इथं?"

ईनॉकनं अंगठा सरकवला. अंगठा आपलं काम चोख करून मोकळा झाला, पण खाली शेजारच्या श्रीमती हॉलरॉइड यांची बदकाच्या पिसांची उशी होती, आणि त्या उशीनं तो आवाज आईनं रडतं मूल पोटाशी घ्यावं तसा गिळून टाकला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. उशीतून फक्त एक पीस बाहेर आलं.

"कोणी आहे का?"

काही नाही. काचेच्या पेटीतला काटा मेल्यासारखा पडून होता. कोळसा शेगडीत खचला आणि सगळे दचकले, पण तो कोळसाच होता.

वेळ जात राहिला. ईनॉकला एक मार्ग दिसत होता: पाय उशीवरून जरा बाजूला घ्यायचा, खुराला लावायचा. प्रोफेसर काट्याकडे बघत होते. एका टकेचा तर प्रश्न. त्यानं पाय उचलला. उशीनं हलका सुस्कारा टाकला आणि प्रोफेसरांची मान झटकन वळली. ईनॉकनं पाय जागच्या जागी ठेवला.

"नेड," सेलिना म्हणाली.

ईनॉकनं डोळे मिटून घेतले. बस्स. आता आलंच.

पण तिनं पुढचा प्रश्न विचारलाच नाही.  मग म्हणाली, "आज कोणी येणार नाही, प्रोफेसरसाहेब. तुमच्या तारा सोडा, हात अवघडलेत."

ईनॉकनं डोळे उघडले. ग्रीनवुडांचा चेहरा उतरला होता. डॉक्टर बुटाकडे हात नेत होते, आणि त्यांच्या ओठांवर 'मी म्हटलंच होतं' हे वाक्य जवळजवळ येऊन पोचलं होतं.

तेवढ्यात प्रोफेसर हॅलिवेल ताडकन उठले, उशीत पाय अडकून धडपडले, आणि ओरडले, "उत्तम! अत्युत्तम!"

"काय उत्तम?" डॉक्टर म्हणाले. "काहीच झालं नाही!"

"तेच तर! अहो, मी आजवर इतके भोंदू पाहिले. लंडनचे, लिव्हरपूलचे. त्यांच्यापैकी एकाचंही भूत कधी रजेवर गेलं नाही. बोलावलं की हजर! सोंग करणाऱ्याला रिकाम्या हातानं उठणं परवडतच नाही. ही बाई मात्र माझ्या तारांत, माझ्या उशांवर बसली आणि सरळ म्हणाली, आज कोणी येणार नाही! खोटं माध्यम असं म्हणेल?"

"आणि उद्या टकटक झाली तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर ती खरी असण्याची शक्यता आजच्यामुळे वाढली."

"म्हणजे झालं तरी खरं आणि नाही झालं तर जास्तच खरं?"

"मी तर हे कधीपासून सांगतोय!" ग्रीनवुड गरजले. त्यांचा चेहरा पुन्हा पूर्वीच्या मापाचा झाला होता. "कोरी बैठक म्हणजे सचोटीचा दाखला! मंडळाच्या पत्रकात पहिल्या पानावर घालतो!"

डॉक्टरांनी मिस्टर पीझ यांच्याकडे मदतीसाठी पाहिलं. मिस्टर पीझ उशीवरून पाय काढायला तयार नव्हते.

"गाणं सोडलं," ते विचार करून म्हणाले, "तर फार चांगली प्रार्थना झाली." क्वेकर लोक प्रार्थनेला नुसते गप्पच बसतात, त्यांच्या हिशोबानं त्या दुपारी सगळं यथासांग पार पडलं होतं.

"मी लिहिणार, की काहीही सिद्ध झालं नाही," डॉक्टर म्हणाले.

"जरूर लिहा," प्रोफेसर त्यांचा हात हातात घेऊन हलवत म्हणाले. "मीही अगदी तेच लिहिणार आहे. फक्त आनंदानं." आणि खरोखर त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं होतं. भूत सापडलं असतं तर सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं असतं. लबाडी सापडली असती तर या घरात चहा घेणं कठीण गेलं असतं. शून्य मात्र कुठल्याही सभेत मान वर करून वाचता येतं.

एकटे टॉपली भडकले. पार्किनचा रिकामा डबा हातात घेऊन ते दारात उभे होते.

"काहीच नाही? एकसुद्धा नाही? अरे, पण मी लोकांना दाखवू काय? पडदा उघडला, बाई बसली, बाई उठली, पडदा पडला? पास चालतं, नापास चालतं, पण हे असलं... यावर गाणंसुद्धा होत नाही हो!"

"प्रयत्न करून पाहा," सेलिना म्हणाली. "आवाज छान लागला होता सगळ्यांचा."

उशा परत गेल्या, छकडा गेला, ग्रीनवुड आपला विजय सांगत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. घरात दोघंच उरले. बाहेर अजून उजेड होता. सेलिना कप धूत होती, ईनॉक पुसत होता, आणि प्रत्येक कप गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत होता.

"सेलिना," तो शेवटी म्हणाला, "मला तुला काहीतरी सांगायचंय. त्या टकटकीचं..."

"थांब. आधी मी सांगते, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही." तिनं पाण्यातून हात काढले नाहीत. "मी आज लबाडी केली."

"तू?"

"भजनाच्या वेळी, म्हणजे त्या मेल्या गाण्याच्या वेळी, मी मनातल्या मनात नेडला सांगितलं, आज येऊ नकोस. आजच काय, आता येऊच नकोस, राजा. पुरे झालं." तिनं कप पाण्यात फिरवला. "किती वर्षं पोराला दर रविवारी ओढून आणायचं, ईनॉक? बरा आहेस ना, बरा आहेस ना. त्याला तिकडं काही दुसरं करायचं नसेल? माझं मन तर केव्हाच... म्हणजे दुखतं, दुखायचंच, पण विचारल्याशिवाय राहता येत होतं. कधीचं."

"मग विचारत का राहिलीस?"

"तुझ्यासाठी. तू समोर बसायचास ना, सगळं अंग आवळून. मी नेडचं नाव घेतलं की तुझ्या कपाळाची शीर उठायची. आणि टक झालं की कसा सैल पडायचास! मला वाटायचं, यालाच पोराचा आवाज लागतो. मी थांबले तर हा मोडेल."

ईनॉकच्या हातातला कप कोरडा ठणठणीत होता. तो पुसतच राहिला.

"आणि बघ," सेलिना म्हणाली, आणि तिच्या आवाजात पुन्हा ते दुपारचं हसू आलं, "नाहीच आला. आयुष्यात पहिल्यांदा कार्ट्यानं आईचं ऐकलं. आता कोणी कितीही तारा बांधू दे, मला खात्री पटली. मघाशी म्हणून हसत होते. तुला राग नाही ना आला? तुला न विचारता पाठवलं त्याला."

"नाही," ईनॉक म्हणाला.  छातीवर इतकी वर्षं एक ऐरण होती. ती कोणी उचलून नेली, आणि ज्यानं नेली त्याला ती ऐरण होती हेही कळलं नाही. "बरं केलंस."

"तू काय सांगत होतास?"

ईनॉकनं तोंड उघडलं. मग तिच्याकडे पाहिलं. बाही कोपरापर्यंत वर, गाल लाल, आणि चेहऱ्यावर पोराला स्वतःच्या हातानं शाळेत सोडून आलेल्या बाईचं समाधान. ते काढून घ्यायचं, तर त्या जागी ठेवायला त्याच्याकडे एक अंगठा होता.

"विसरलो," तो म्हणाला.

"म्हातारा झालास." तिनं शेवटचा कप त्याच्या हातात दिला. "रविवारी बायका येतील त्यांना काय सांगायचं रे? सांगेन, या, बसा, पण आता टेबलाला नको, मलाच सांगा तुमच्या माणसाबद्दल. नाहीतरी सगळं बोलणं त्याच करतात. तिकडून नुसतं हो-नाही."

"नेडला हो-नाही कधी जमलं होतं?" ईनॉक एकदम म्हणाला.

सेलिनानं त्याच्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्या टेबलाशी नेडबद्दल हजारदा बोलणं झालं होतं, पण नेड कसा होता याबद्दल त्या घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"एक प्रश्न विचारला तर सात परत विचारायचा," ईनॉक म्हणाला. "आठवतं, हॉलरॉइडबाईंना विचारलं होतं, तुम्हाला मिशी आहे तर मिस्टर हॉलरॉइडना का नाही?"

"आणि त्यांनी चर्चमध्ये जाणं सोडलं महिनाभर!" सेलिनानं ओला हात तोंडावर दाबला. "आणि मांजर? मांजर आठवतं का तुला? पिठाच्या डब्यात..."

"अर्ध्या गल्लीत पिठाचे पंजे."

"अर्ध्या कुठल्या! पाद्रीबुवांच्या पायरीपर्यंत गेले होते. तू तेव्हा दुकानात होतास, तुला काय माहीत. थांब, सांगते." तिनं हात पुसले आणि खुर्ची ओढली. "बस इकडे. आधी झालं काय, की मी पीठ मळायला घेतलं..."